आजोबांच्या जपानी तलवारीवरचं नाव कोणी वाचून देईल का?

वेण्णाकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ऍडमिननी हलवावा.

आमच्या गावच्या घरी (सातारा जिल्हा) माळ्यावरच्या ट्रंकेत एक जपानी तलवार आहे. आजोबा मराठा पलटणीत जमादार होते, ते १९४७ ला परत आले तेव्हा सोबत घेऊन आले. घरात पहिल्यापासून ऐकत आलोय ती गोष्ट अशी की ब्रह्मदेशात लढाईत त्यांनी एका जपानी कर्नलला पकडलं आणि त्याच्या हातातून ही हिसकावली, आणि तलवार चारशे वर्षं जुनी आहे हे म्हणे त्या कर्नलनेच सांगितलं (कोणत्या भाषेत ते विचारू नका, आत्याला विचारलं तर ती चिडते). दर खंडेनवमीला बाहेर निघते, हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ, की परत ट्रंकेत.

यावर्षी पुसताना मूठ हलायला लागली. चुलतभावाने मुठीतली बांबूची खुंटी बघितली, खिळ्याने ठोकली, आणि अख्खी मूठच हातात आली. आत पात्याचं जे शेपूट असतं त्यावर अक्षरं कोरलेली निघाली! ७५ वर्षांत कोणी बघितलीच नव्हती.

फोटो टाकलेत पण मोबाइल जुना आहे, नीट येत नाहीत. कोणाला वाचता येतं का? आणि चारशे वर्षं खरं का?

कोल्हापुरी_रस्सा
चायनीज वाटतंय मला.

मी_आपली_वाचक
वाचतेय. आमच्याकडे नुसता विळा निघाला असता.

थोडक्यात_सांगतो
मासामुने (जपानचा गाजलेला जुना तलवार-लोहार) असेल तर कोटींमध्ये जाईल. कोणाला फुकट देऊ नका.

गंजलेला_खिळा
ताई, आधी एक काम करा, भावाच्या हातातला खिळा काढून घ्या :)

आता सिरियसली. एक, त्या शेपटावरचा गंज अजिबात घासू नका. चिंच-मीठ नाही, लिंबू नाही, पॉलिश पेपर तर नाहीच नाही. त्याला जपानीत नाकागो म्हणतात आणि त्याचा गंज मुद्दाम ठेवतात, वय त्याच्या रंगावरूनच कळतं. तो घासला की तलवारीचा जन्मदाखला पुसला असं समजा. दोन, फोटो उलटा आहे. टोक वर, शेपूट खाली असं धरून फोटो काढा, कारण अक्षरं वरून खाली वाचतात. कोल्हापूरकर, उलट्या धरल्यावर आपली मोडी पण चायनीजच दिसते. तीन, फ्लॅश बंद. संध्याकाळी खोलीत अंधार करून टॉर्च एका बाजूने आडवी धरा म्हणजे कोरलेल्या रेघांत सावली पडते. तरीही उठत नसेल तर थोडीशी टाल्कम पावडर बोटाने नुसती फिरवा, नंतर मऊ कापडाने पुसा. पाण्याचा हात लावू नका.

दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. बऱ्याचदा एका बाजूला कारागिराचं नाव आणि दुसऱ्या बाजूला तारीख असते. तारीख असली तर वर शोवा हा शब्द (तेव्हाच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव), मग आकडा. त्या आकड्यात १९२५ मिळवायचे, म्हणजे शोवा १८ असेल तर १९४३. महिना बरेचदा दुसरा नाहीतर आठवा लिहिलेला असतो, त्यामुळे त्याला फार मनावर घेऊ नका.

आणि नाव सापडलं म्हणजे त्यानेच बनवली असं लगेच धरू नका. मोठ्या लोहाराचं नाव कोरायचं ही शेकडो वर्षांची जुनी खोड आहे जपानमध्ये, त्याला गिमेई असा वेगळा शब्दच आहे. आपल्याकडच्या फिरंगी तलवारींवर पण इटालियन-जर्मन शिक्क्यांच्या नकला गावठी लोहार मारायचेच की. मासामुने तर विसराच, ते नाव सगळ्यात जास्त खोटं कोरलं गेलंय.

वेण्णाकाठची
टॉर्चची आयडिया जबरदस्त! काल रात्री लाइट गेलेली होतीच, ते पथ्यावर पडलं. नवीन फोटो टाकलेत, तरी मला दिसतंय तसं लिहूनही देते.

एका बाजूला दोन अक्षरं आहेत. वरचं: डोक्यावर दोन शिंगं, मध्ये आडव्या रेघांची शिडी आणि त्यातून दोन उभे बांबू आरपार, खाली पाय फाकलेले. खालचं: डोक्यावर परत शिंगं, खाली उभा चौकोन ज्यात दोन आडव्या रेघा, आणि डावीकडून खाली येऊन उजवीकडे लांब गेलेली होडीसारखी रेघ, म्हणजे चौकोन होडीत बसलाय असं.

दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तारीख नाही. भोक एकच आहे, खुंटीचं. गंज काळा नाहीये, राखाडी-तपकिरी आहे आणि कानशीने घासल्यासारख्या तिरक्या रेघा एकदम स्पष्ट दिसतायत.

कोल्हापुरी_रस्सा
अरे थांबा थांबा! होडीतला चौकोन मला माहितीये!! माझ्या पोराच्या कराटे क्लासच्या बोर्डवर आहे तो, "कराटे-दो" मधला दो. सरांनी टी-शर्टवर पण छापलाय, दर आठवड्याला मीच धुतो. आता बोला, चायनीज म्हणालो म्हणून हसत होता ना.

नागोयावासी
कोल्हापूरकर यांना साष्टांग _/\_ बरोबर ओळखलंत. ज्युदो, केंदो, बुशिदो सगळ्यातला दो हाच, अर्थ रस्ता, मार्ग. पण माणसाच्या नावात आलं की त्याचा उच्चार मिची होतो. वरचं शिंगं आणि शिडीवालं अक्षर काने. म्हणजे नाव झालं कानेमिची.

मी इथे नागोयाला आयटीत आहे, आणि इथून ट्रेनने जाता येईल इतक्या अंतरावर सेकी नावाचं गाव आहे, गिफू जिल्ह्यात. तिथल्या लोहारांच्या नावात काने असणं म्हणजे आपल्याकडे आडनावाच्या शेवटी कर असण्यासारखं, मध्ययुगापासून चालू आहे. कानेमोतो, कानेसादा, असे ढिगाने. मागोरोकु कानेमोतो तर इतका गाजलेला की त्याच्या नावाने आज किचनचे सुरे विकतात, आमच्या घरी एक आहे, बायको कांदा कापते त्याने. कात्र्या, सुऱ्या, दाढीची ब्लेडं, सगळं अजून सेकीतच बनतं आणि ऑक्टोबरमध्ये तिथे धारवाल्या वस्तूंची मोठी जत्रा भरते.

आता गंमत ऐका. कानेमिची नावाचा एक जुना लोहार खरंच होऊन गेलाय. सेकीचाच, सोळाव्या शतकाच्या शेवटी मुलांना घेऊन क्योतोला गेला आणि त्या मुलांनी तिथे मोठं घराणं उभं केलं, मिशिना म्हणून. म्हणजे हिशोबाने चारशे वर्षं बरोब्बर बसतात!

वेण्णाकाठची
काय सांगताय!!! आत्याला फोन लावते.

गंजलेला_खिळा
लावू नका लावू नका, थांबा जरा.

नागोयावासीजी, नाव बरोबर वाचलंत, पण घाई होतेय. कानेमिची हे नाव अनेकांनी घेतलंय, दुसऱ्या महायुद्धात सेकीमध्येच कोजिमा कानेमिची म्हणून लोहार होता आणि त्याच्या नावाची पाती सैन्यासाठी भरपूर गेली. चारशे वर्षांच्या नाकागोचा गंज गडद काळा आणि गुळगुळीत असतो, कानशीच्या रेघा बोटाला जेमतेम लागतात. ताईंनीच लिहिलंय राखाडी-तपकिरी आणि रेघा स्पष्ट. मला तर १९४० च्या आसपासचा माल वाटतोय.

पण अंदाज नको, पुरावा बघू. ताई, नाकागोवर नावाशिवाय बारीक शिक्का आहे का कुठे? मुगाच्या डाळीएवढा. खुंटीच्या भोकाच्या वर बघा, पात्याच्या बुडाला तांब्या-पितळेची जी पट्टी बसते तिच्या खाली. आणि शेपटाच्या टोकावर रंगाने लिहिलेला आकडा वगैरे?

शिक्का का विचारतोय ते सांगतो म्हणजे सगळ्यांना कळेल. १९३० च्या दशकात जपानने सैन्यातल्या अधिकाऱ्यांना परत पारंपरिक वळणाच्या तलवारी द्यायला सुरुवात केली. १९३४ चं मॉडेल ९४, १९३८ चं मॉडेल ९८, हे आकडे त्यांच्या पहिल्या सम्राटापासून मोजलेल्या वर्षाचे शेवटचे, १९३८ म्हणजे त्यांचं २५९८. अधिकारी हजारो, प्रत्येकाला तलवार पाहिजे, आणि जुन्या पद्धतीने वाळूतल्या लोखंडापासून भट्टीत पोलाद काढून, घड्या घालून, पाण्यात विझवून बनवायची तर एका तलवारीला कितीतरी दिवस जाणार. मग बहुतेक पाती तयार गिरणीच्या पोलादाची, बरीचशी तेलात विझवलेली. अशा पात्यांवर तपासणीचा शिक्का मारायचे. सेकीचा शिक्का, किंवा शोवा शिक्का. याउलट सैन्याने नेमलेले काही लोहार सरकारकडून मिळालेल्या पारंपरिक पोलादाची, जुन्या पद्धतीनेच बनवायचे, त्यांच्या पात्यावर चांदणीचा शिक्का. शिवाय तोक्योच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात १९३३ ते १९४५ भट्टी चालली, तिथल्या लोहारांची नावं यासु ने सुरू होतात.

आणि चौथी शक्यता पण आहे, काही अधिकारी घरातलं खानदानी जुनं पातं मिलिटरीच्या मुठीत बसवून युद्धावर न्यायचे. म्हणूनच मूठ उघडल्याशिवाय कोणी काही सांगू नये. इतकी वर्षं तुम्हाला कळलं नाही यात नवल नाही, भावाचा खिळा कामी आला म्हणायचा.

सांगलीचा_सदू
धागा हायजॅक करतोय, सॉरी. आमच्या मामांकडे पण जपानी तलवार आहे, पात्यावरच मुठीजवळ आकडे ठोकलेत, मूठ ऍल्युमिनियमची, वर दोऱ्याच्या विणीसारखं डिझाइन ओतलेलं. नाव कसं शोधायचं?

गंजलेला_खिळा
सदूभाऊ, नाव शोधूच नका, मिळणार नाही. ती १९३५ चं मॉडेल, हवालदार लोकांची, मशीनवर बनवलेली. आकडा म्हणजे सिरियल नंबर. म्यानावरचा नंबर जुळतो का तेवढं बघा, जुळला तर छान.

वेण्णाकाठची
आहे शिक्का!! पितळी पट्टीच्या खाली लपला होता. एकदम बारीक, भिंगाने बघितला. दोन कवाडांचं दार असावं तसं वरून-बाजूने चौकट आणि आत काहीतरी गिचमिड. आणि शेपटाच्या टोकाला लाल रंगात पुसट आकडा आहे, ४७ सारखा. मुठीजवळच्या चकत्यांवर पण ४७ ठोकलाय, सगळ्यांवर.

नागोयावासी
दोन कवाडांचं दार म्हणजेच सेकी. त्या अक्षराचा अर्थच नाका, चौकी, येण्याजाण्याचा दरवाजा. संपला विषय, खिळासाहेब जिंकले. १९४० च्या आसपासचा युद्धातला माल. ४७ म्हणजे जुळवणीचा नंबर, त्या त्या पात्याच्या चकत्या दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून. चारशे वर्षंवाल्या पोस्टबद्दल माफी, उत्साहात लिहून गेलो.

एक भर घालतो. सेकीच्या तलवार संग्रहालयात गेलो होतो तेव्हापासून डोक्यात आहे ते. युद्धाच्या काळात इतकी पाती निघत होती की नाव कोरायला वेगळे कारागीर बसवलेले असायचे, लोहार हातोडा मारणार आणि हा छिन्नीने त्याचं नाव कोरणार. त्यामुळे एकाच कानेमिचीची सही दोन तलवारींवर वेगळ्या वळणाची दिसू शकते आणि तरी दोन्ही खऱ्याच. म्हणजे ताई, तुमच्या आजोबांच्या तलवारीवरची अक्षरं कदाचित कानेमिचीच्या हातचीच नसतील.

मी_आपली_वाचक
म्हणजे आमच्या ऑफिसात साहेबांची सही क्लार्क करतो तसं.

वेण्णाकाठची
आत्याला सांगितलं. ती म्हणाली "गावच्या गोष्टी मोबाइलवर विचारून ठरवायच्या का". बरं, चारशे वर्षं गेली तर गेली, पण कर्नलची तर असेल ना?

गंजलेला_खिळा
मुठीच्या टोकाला गोंडा आहे का? अधिकाऱ्यांच्या तलवारीला असायचा, बाहेरून तपकिरी आणि आतल्या बाजूचा रंग हुद्द्याप्रमाणे. आत निळा असेल तर कॅप्टनपर्यंतचे, लाल असेल तर मेजर ते कर्नल, लाल आणि सोनेरी म्हणजे जनरल. उडालेला रंग गाठीच्या आत शाबूत राहतो, गाठ न सोडता जरा फाकवून बघा.

वेण्णाकाठची
निळा :(

फौजी_पेन्शनर
बेटा, मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतूनच रिटायर झालोय, म्हणून विचारतो. आजोबांची बटालियन कोणती? डिस्चार्जचे कागद असतील बघ. आणि मेडल असतील तर सहा टोकांची चांदणी असेल, मधल्या गोलावर काय लिहिलंय ते वाच.

वेण्णाकाठची
काका, कागद आईने लॅमिनेट करून ठेवलेत. १/५ एम.एल.आय. लिहिलंय. चांदण्या दोन आहेत, एकीवर "द १९३९-१९४५ स्टार" आणि दुसरीवर "द इटली स्टार". इटली??

फौजी_पेन्शनर
मग ब्रह्मदेशाचं काय झालं ते कळलं. १/५ म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, जंगी पलटण, ती युद्धात इटलीत होती. नामदेव जाधवांना सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ९ एप्रिल १९४५, तेही याच पलटणीचे. ब्रह्मदेशाच्या बाजूला आपली ४/५ होती, मणिपुरात सांगशाकला १९४४ ला जबरदस्त लढली. तुझे आजोबा ब्रह्मदेशात लढले असते तर बर्मा स्टार असता.

पण तलवार खोटी पडत नाही, उलट आता गोष्ट जुळते. जपान शरण आल्यावर कॉमनवेल्थची जी फौज तिथे ताबा ठेवायला गेली त्यात ब्रिंडिव्ह, म्हणजे ब्रिटिश आणि हिंदुस्थानी पलटणींची मिळून डिव्हिजन होती, आणि तिच्या २६८ ब्रिगेडमध्ये १/५ मराठा, ५/१ पंजाब आणि २/५ गुरखा. ब्रिगेडियर थिमय्या, जे पुढे आपले लष्करप्रमुख झाले. ही मंडळी १९४६-४७ ला ओकायामा, शिमाने या भागात होती. जपान्यांची शस्त्रं गोळा करणं, नष्ट करणं हे तिथलं रोजचं काम. ढिगांनी तलवारी. त्यातल्या काही आठवण म्हणून वाटल्या गेल्या. १९४७ ला परत आले म्हणतेस, तारीख पण बसते.

वेण्णाकाठची
काका, हे वाचून मी पाच मिनिटं गप्प बसले. म्हणजे आजोबा खुद्द जपानमध्ये राहून आले आणि घरात कोणालाच माहीत नाही? आत्ता आठवतंय, आजी म्हणायची "ते कुठेतरी बर्फात होते आणि तिथे लाकडाची घरं होती", आम्हाला वाटायचं काश्मीर.

वकिलीण_बाई
थोडं कायद्याचं. शस्त्र कायदा १९५९ च्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची तलवार शस्त्रांत मोडते. परवाना मात्र सरकारने अधिसूचना काढलेल्या भागातच लागतो, तुमचा तालुका त्यात येतो का हे पोलीस ठाण्यात विचारून घ्या. मिरवणुकीत वगैरे बाहेर काढू नका, पुतण्यांना रील काढू देऊ नका.

थोडक्यात_सांगतो
मग जपानला परत पाठवा. त्या कुटुंबाला शोधून द्या, बातमी होईल.

नागोयावासी
भावना चांगली आहे, पण इथला कायदा उलटा आहे. जपानमध्ये तलवार ठेवायची तर नोंदणी लागते आणि ती फक्त पारंपरिक पद्धतीने बनवलेल्या, कलाकृती मानल्या जाणाऱ्या पात्यांना मिळते. सेकी शिक्क्याच्या तेलात विझवलेल्या तलवारीला नाही. कस्टममध्येच अडकेल आणि तिचं भंगार होईल. म्हणजे सेकीत जन्मलेली तलवार सेकीला परत येऊ शकत नाही, साताऱ्यात मात्र आरामात राहू शकते.

बाकी, मुठीवर किंवा मुठीच्या टोकाच्या टोपीवर चांदीचा छोटा गोल, फूल किंवा पानाचं चिन्ह आहे का? मालकाच्या घराण्याचं असतं ते. एकाच चिन्हाची हजारो घरं असतात, त्यामुळे माणूस सापडणार नाही, पण कळेल तरी. आणि शरणागतीच्या वेळी काही जण कापडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीवर शाईने नाव-पत्ता लिहून तलवारीला बांधायचे, तशी काही?

वेण्णाकाठची
चिन्ह नाही. पट्टीबद्दल आईला विचारलं. ती गप्प बसली आणि मग म्हणाली की ती लग्न होऊन आली त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत म्यानाला बांधलेली एक लाकडाची मळकी चपटी होती, त्यावर काहीतरी काळं लिहिलेलं, तिने चुलीत घातली. "मला वाटलं दुकानदाराची चिठ्ठी असेल." आता ती दुपारपासून माझ्याशी नीट बोलत नाहीये, मी काहीच म्हटलं नाही तरी.

मी_आपली_वाचक
आईंना काही बोलू नका हो. मी पण तेच केलं असतं.

गंजलेला_खिळा
+१. आता जोडणी. बांबूची खुंटी एका बाजूने बारीक असते, काढताना बारीक बाजूने ढकलायची, घालताना त्याच्या उलट. चकत्या ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने. पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात, तोही आधीचं पुसून. खोबरेल नको, चिकट होतं. आणि पात्याला बोट लावू नका, घामाने दुसऱ्या दिवशी डाग पडतो.

खंडेनवमीचं काय करता? पात्यावर जे लालसर ठिपके दिसतायत फोटोत ते कुंकवाचे आहेत, ओलं कुंकू लावून तसंच म्यान करताय तुम्ही इतकी वर्षं.

वेण्णाकाठची
हो, पाच बोटं लावतो. आत्या लावते. तिला सांगायचं कोणी?

फौजी_पेन्शनर
कुंकू म्यानाला लावा, पात्याला फूल दाखवा. पलटणीच्या नावाने आत्याला सांग, ऐकेल.

वेण्णाकाठची
सांगितलं काका. "जंगी पलटण" म्हटल्यावर आधी काहीच बोलली नाही, मग म्हणाली कागद परत वाचून दाखव. वाचला. मग म्हणाली म्यानाला लावू, पण तलवार कर्नलचीच आहे.